कॅप ९०: फुफाट्यातले चार दिवस

मिस्त्रींची अट होती. राजस्थानातल्या वाळवंटी शर्यतीचा फॉर्म भरायचा तर आधी आपल्याच मुलखात चार दिवस रोडबुकावर गाडी चालवून दाखवायची. फोन पिशवीत घालून वर चिकटपट्टी, नकाशा नाही, आणि वाटेत कुणाला रस्ता विचारायचा नाही. "चार दिवसांत वीस खुणा ठेवतो. अठरा गावल्या तर अर्धे पैसे मी घालतो. नाही गावल्या तर उद्यमबागेत गप लेथ चालव."

मिस्त्रींचं गॅरेज बेळगावातल्या शहापुरात, माझी लेथवरची नोकरी तिथल्याच उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत. मिस्त्रींचं वय साठीला टेकलंय. उमेदीच्या काळात दुसऱ्यांच्या गाड्यांचे मेकॅनिक म्हणून त्यांनी जैसलमेरच्या बऱ्याच वाऱ्या केल्या. एका खेपेला पाने-पक्कड उचलायला मीही सोबत होतो. सम गावाजवळच्या टेकड्यांत पहाटे वाळू पायाखाली घट्ट लागली आणि दुपारी तीच वाळू पिठासारखी झाली. सकाळी सहज चढून गेलेले गडी दुपारी त्याच चढावर गाडी आडवी टाकून धापा टाकत बसले होते. तिथून परत येताना गाडीतच मी ठरवलं होतं की एकदा पाने ठेवून मूठ धरायची. त्याला सहा वर्षं झाली. आता वय त्रेचाळीस, गुडघा एक बरा आणि एक बरा म्हणायचा.

ज्यांना रोडबुक ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही मुळात कागदाची लांब गुंडाळी असते, हँडलवरच्या डब्यात दोन रुळांवर बसवलेली. तिच्यावर एकाखाली एक चौकोन. डाव्या रकान्यात सुरुवातीपासूनचं अंतर आणि मागच्या चौकोनापासूनचं अंतर. मधे चित्र: खालच्या ठिपक्यातून तुम्ही येता, बाणाकडे निघून जाता, बाकीच्या रेघा म्हणजे सोडायच्या वाटा. या चित्राला जगभर ट्यूलिप म्हणतात, कारण त्याची रीत हॉलंडच्या ट्यूलिप रॅलीतून आली. उजवीकडे शेरे. एक उद्गारचिन्ह म्हणजे जपून, दोन म्हणजे फार जपून, तीन म्हणजे इथे हाडं मोडतात. 'एचपी' हे फ्रेंच लघुरूप, म्हणजे इथून वाट संपली. आणि 'कॅप' म्हणजे दिशा, अंशांत. कॅप ९० म्हणजे नाक पूर्वेला धरायचं आणि मन चळू द्यायचं नाही. खऱ्या शर्यतीत दिशा उपग्रहाच्या आधारानं चालणाऱ्या यंत्रातून कळते, पण ते यंत्र पुढची वाट दाखवत नाही. खुणेपासून ठरावीक अंतरात पोचलात तरच त्यात बाण उमटतो.

असला डबा विकत घ्यायचा तर माझ्या पगाराला भगदाडच पडलं असतं. म्हणून मी तो घरीच केला. ॲल्युमिनियमचा पत्रा, लेथवर काढलेले दोन रूळ, वर ॲक्रिलिकची काच आणि रूळ फिरवायला भंगारातली वायपरची मोटर. बटण डाव्या मुठीशी. डब्याच्या बरोबर वर होडीत असतो तसला द्रवात तरंगणारा कंपास. कामावर दोघा-तिघांनी येऊन हात फिरवून बघितलं. मोटरचा मला भारी अभिमान होता.

पहिला दिवस: बेळगाव ते रायबाग

एप्रिलचा दुसरा आठवडा. पहाटे साडेपाचला गाडी काढली तर समोरच्या काकू रांगोळी घालत होत्या. "इतक्या सकाळी कुठं जाऊलालास रे?" म्हटलं, वाळवंटात. त्यांनी मान हलवली आणि ठिपके जोडायला घेतले.

भाचा छोटा हत्ती घेऊन डांबरी रस्त्यानं पुढे जाणार, त्यात पेट्रोल, पाणी, जादा ट्यूब आणि मिस्त्री. माझी गाडी २०० सीसीची, पुढे २१ इंची चाक. डाकार नावाच्या मोठ्या वाळवंटी शर्यतीत ४५० सीसीपर्यंतच्या गाड्या चालतात. मिस्त्री म्हणतात, पडलेली गाडी एकट्याला उचलता आली पाहिजे, बाकी सगळं नंतर.

काकती, होनगा, यमकनमर्डी हा भाग ओळखीचाच. पण ओळखीच्या रस्त्यावर रोडबुक वाचणं हीच मोठी अडचण निघाली. डोक्याला ठाऊक असतं पुढे काय आहे, डोळा कागदावर जातच नाही. पहिल्या दहा किलोमीटरांत दोन वळणं मी सवयीनं घेतली आणि दोन्ही चुकीची निघाली, कारण मिस्त्रींनी मुद्दाम मागच्या गाडीवाटा घेतल्या होत्या. परत फिरलो, अंतराचा आकडा बटणानं मागे आणला, मग निमूट वाचायला लागलो.

यमकनमर्डीच्या पुढे तांबडी माती हळूहळू काळी पडत जाते. एक चौकोन असा होता: ३८.४० किमी, गुरांच्या वाटेनं खाली उतरा, दोन उद्गारचिन्हं, आणि चित्रात इवलंसं शिखर. घटप्रभेवरच्या हिडकल धरणाचं पाणी ओसरत आलं होतं. उन्हाळ्यात पाणी बरंच खाली गेलं की हुन्नूरचं बुडालेलं विठ्ठल मंदिर बाहेर येतं. ते काठावरून लांब दिसत होतं, शिखर कोरडं आणि अंगाला गाळाच्या रेघा. मिस्त्रींनी विठोबाला खूण म्हणून वापरलं होतं. नमस्कार केला आणि डावीकडे वळलो. धरणाच्या तळातला वाळलेला गाळ वरून पापडासारखा, खाली मऊ. वेग कमी केला की चाक रुततं, वाढवला की भेगेत अडकतं. तीन किलोमीटरला पाऊण तास गेला.

बाकी दिवसाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. हुक्केरीकडून पुढे उसाच्या सऱ्या, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या आणि ऊन. संध्याकाळी रायबागला मिस्त्रींच्या साडूंकडे मुक्काम. भाकरी, येणगाई म्हणजे भरली वांगी, शेंगांची चटणी. पाचपैकी पाच खुणा. वहिनींनी विचारलं, "पण जायचं कुठं असतंय यात?" नीट उत्तर देता आलं नाही.

दुसरा दिवस: रायबाग, कुडची, अथणी

आजचा धडा वाळूचा. कुडचीजवळ मिरजेच्या रेल्वेचा पूल कृष्णा ओलांडतो, त्या बाजूला नदीकाठी वाळूचे पट्टे आहेत. एप्रिल-मेमध्ये इथली कृष्णा कधीकधी डबक्यांपुरती उरते आणि मग कोयनेतून पाणी सोडा म्हणून कर्नाटकाकडून महाराष्ट्राला विनंतीची पत्रं जातात. यंदा पाणी होतं, पण धार बारीक.

वाळूत जायच्या आधी टायरमधली हवा काढली, पंधरा पौंडांवर आणली. हवा कमी झाली की टायर पसरतो, तळव्यासारखा. डाकारवाले ट्यूबच घालत नाहीत. टायरमध्ये फोमचं जाड कडं भरतात, त्याला मूस म्हणतात, म्हणजे पंक्चरचा प्रश्नच मिटला. आपल्याला ते परवडत नाही. आपली ट्यूब, आणि टायर रिमवर फिरू नये म्हणून कुलूप.

वाळूतली अक्कल सगळी उलटी असते. घाबरलं की माणूस बसतो, मूठ सोडतो, पुढच्या चाकाकडे बघतो आणि पुढचा ब्रेक धरतो. यातलं एकेक पाप पाडायला पुरेसं आहे. करायचं असं: पायदानांवर उभं राहायचं, टाकी गुडघ्यांत धरायची, वजन मागे, मूठ एकसारखी, नजर लांब. पुढचं चाक डावी-उजवीकडे भटकतं, त्याला भटकू द्यायचं. हँडल घट्ट धरून त्याच्याशी भांडलं की ते जिंकतं. मला हे सगळं तोंडपाठ होतं. तरी पहिल्या अर्ध्या तासात चार वेळा पडलो.

चौथ्या वेळी काठावर मेंढरं राखणारा एक पोरगा येऊन उभा राहिला. म्हणाला, "मामा, बैलगाडी जाते तिकडनं जावा की, घट्ट हाय." त्यानं दाखवलेल्या बाजूला वाळूवर बारीक लव्हाळं उगवलं होतं. जिथे लव्हाळं तिथे खाली ओल, आणि ओल असली की वाळू धरते. हे मला जैसलमेरला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तर कळलं नव्हतं. नियमानं हा रस्ता विचारणं झालं का, यावर रात्री वाद झाला. मिस्त्रींनी माझ्या बाजूनं निकाल दिला, कारण मी विचारलं नव्हतं.

खरं सांगायचं तर या भागात हरवणंच अवघड आहे. थरच्या वाळवंटात तासभर गाडी चालवा, एखादा उंटवाला दिसेल. इथे दर दोन किलोमीटरला कुणीतरी बांधावर उभं असतं. मी थांबून चौकोन बघायला लागलो की विचारणार, कुठं जायाचंय, कुणाकडं जायाचंय, आडनाव काय. "कुणाकडं नाही" हे उत्तर कुणालाच पटत नाही. एका मावशींनी तर ताकाचा तांब्या हातात देऊन सोयरीक बघायला आलाय का म्हणून विचारलं.

उगारच्या पलीकडे दुपारी पहिली लांब कॅप आली. वाट नाही, नुसती दिशा, सहा किलोमीटर, पडीक माळ आणि वेडी बाभूळ. शेवटी खूण असायला हवी होती: विहीर, तिच्या कठड्यावर मिस्त्रींनी मारलेला पिवळा पट्टा. सहा किलोमीटर झाले, विहीर नाही. साडेसहा, सात. गोल फिरून बघितलं. चाळिशीतलं ऊन, पाठीवरच्या पिशवीतलं तीन लिटर पाणी संपत आलेलं. शेवटी खूण सोडून पुढच्या चौकोनाला लागलो.

अथणीत शिरताना चामड्याचा वास आला. कोल्हापुरी म्हणून विकल्या जाणाऱ्या चपला इथेही बनतात. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूरही आहेत. चपलेला सीमावाद नाही. भाच्यानं एक जोड घेतला, मी पायात घट्ट बसलेला बूट काढायला दहा मिनिटं घेतली आणि मग मिस्त्रींवर उखडलो. म्हटलं, तुमचं रोडबुक चुकलंय, विहीर तिथे नाहीच. मिस्त्रींनी भजी संपवली, हात पुसले. म्हणाले, "विहीर उठून जाईत नाही मर्दा."

तिसरा दिवस: अथणी, कुठेतरी, विजापूर

सकाळी साडेसातला निघालो. पहिले तेरा किलोमीटर गाडीवाट, मग चौकोन: एचपी, कॅप ९०, वीस किलोमीटर, तेलसंगच्या बाजूची पाण्याची टाकी.

वीस किलोमीटर नुसत्या दिशेवर म्हणजे आपल्याकडे फार. मधे नांगरट येते, ताली येतात, ओढे येतात. वळसा घालायचा आणि पुन्हा नाक ९० वर आणायचं. काटा मुंगीएवढाही हलू देत नव्हतो. आदल्या दिवशीचा राग होता, त्यामुळे आज चूक माझ्याकडून होणार नाही याची खबरदारी घेत होतो. सूर्य समोर, किंचित उजव्या डोळ्यात. पिकं निघालेली होती. काळं रान मोकळं, लांबवर एखादं लिंबाचं झाड, ज्वारीच्या धसकटांवर टायर कुरकुर वाजत होता. तो तासभर मला वाटलं की जमलं. उभा राहून चालवत होतो, गुडघा दुखत नव्हता, पुढच्या झाडावर नजर, ते आलं की त्याच्या पुढच्या झाडावर. शर्यत म्हणजे हेच असणार, असं काहीतरी डोक्यात आलं.

विसाव्या किलोमीटरला टाकी नव्हती. बावीसला एक गाव आलं. गावाबाहेर बेदाण्याची शेड, हिरवी जाळी, आत जाळ्यांवर द्राक्षं पसरलेली आणि तो आंबूस गोड वास. दारात एक म्हातारे गृहस्थ खाटेवर बसले होते. मी हेल्मेट काढलं. ते म्हणाले, "यल्ली होंटीरी?" कुठे निघालात? माझं कानडी बाजारापुरतं आहे, पण इतकं कळतं. म्हटलं, तेलसंग. ते हसले. "दारी तप्पेत्री. इद महाराष्ट्र री."

वाट चुकलात. हा महाराष्ट्र आहे.

मी मागे बघितलं. शेजारच्या भिंतीवर खरंच 'जिल्हा परिषद शाळा' असं मराठीत लिहिलं होतं. मी जत तालुक्यात उभा होतो. मधे ना नाका लागला, ना पाटी, ना मातीचा रंग बदलला. आमच्या बेळगावात १९५६ पासून ज्या रेषेवरून मोर्चे निघतात, काळे दिवस पाळले जातात, सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून दावा चालू आहे, ती रेषा मी तिसऱ्या गिअरमध्ये ओलांडली आणि मला पत्ता लागला नाही. आणि महाराष्ट्रात पाऊल टाकल्यावर कानावर पडलेलं पहिलं वाक्य कानडी. जतच्या पूर्वेकडच्या गावांत घरोघरी कानडीच बोलतात हे वाचून ठाऊक होतं. पण मराठी बोलणारा कर्नाटकातला मी आणि कानडी बोलणारे महाराष्ट्रातले ते, दोघं एका खाटेवर बसून बेदाणे खातोय, याचं हसू दोघांनाही आवरेना.

"नीर कुडीरी," म्हणत त्यांनी कळशी पुढे केली. मग मोडक्या मराठीत विचारलं, हे काय लावलंय? कंपास, म्हटलं, दिशा दाखवतो. त्यांनी समोर बोट केलं. "दिशा तर सूर्य दाखवतोय."

तेव्हा ट्यूब पेटली. एप्रिलमध्ये सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही, जरा उत्तरेकडे सरकून उगवतो. म्हणजे नाक खरंच पूर्वेला असतं तर त्या वेळी सूर्य जवळजवळ समोरच, फार तर किंचित डावीकडे दिसायला हवा होता. माझ्या तो उजव्या डोळ्यात होता. तासभर तो मला सांगत होता आणि मी हँडलवरच्या काट्याकडे बघत होतो.

स्क्रू ड्रायव्हर काढला, कंपास सोडवून हातात घेतला आणि गाडीपासून दहा पावलं लांब गेलो. काटा हळूच फिरला आणि वीस अंश पलीकडे जाऊन थांबला. डब्याजवळ आणला, परत वीस अंश अलीकडे. वायपरच्या मोटरीत चुंबक असतो. वीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढलेल्या माणसानं चुंबकाच्या डोक्यावर कंपास बसवला होता. कुडचीच्या पुढची विहीर जागेवरच होती, मीच तिच्या बाजूनं निघून गेलो असणार. आदल्या रात्री मिस्त्रींना काय काय बोललो ते सगळं आठवलं.

आजोबांनी दक्षिणेकडे हात करून वाट सांगितली. नियमानं ती खूण बाद. चुकलेली टाकी आधीच बाद. म्हणजे तीन गेल्या होत्या, आणि परवानगी दोनची.

डाकारची सुरुवातच अशी झाली हे मला त्या खाटेवर आठवलं नाही, रात्री मिस्त्रींनी आठवण करून दिली. १९७७ साली आबिजान ते नीस अशा एका शर्यतीत तिएरी साबीन नावाचा फ्रेंच गडी लिबियाच्या वाळवंटात मोटारसायकलवर हरवला. मरता मरता सापडला. घरी जाऊन हा छंद सोडायचं सोडून त्यानं पुढच्याच वर्षी, २६ डिसेंबर १९७८ला, पॅरिसहून डाकारला शर्यत काढली. पुढे १९८६ मध्ये त्याच शर्यतीत हेलिकॉप्टर कोसळून तो गेला. नाव डाकारचं असलं तरी २००९ पासून शर्यत दक्षिण अमेरिकेत होती आणि २०२० पासून सौदी अरेबियात आहे. लोकांना त्यातला वेग दिसतो, उड्या दिसतात. माझं मत विचाराल तर ती हरवलेल्या माणसानं काढलेली शर्यत आहे, आणि अजूनही तिथे सगळ्यात जास्त वेळ वाट शोधण्यातच जातो.

तेलसंगनंतर दुपारभर मी पायी पायी म्हणावं असा प्रवास केला. कॅप आली की गाडी बंद. कंपास घेऊन दहा पावलं चालत जायचं, क्षितिजावरचं एखादं झाड किंवा वीजखांब धरायचा, गाडीवर बसायचं, त्या झाडापर्यंत जायचं. पुन्हा उतरायचं. अंगात जाड जाकीट, आत छातीचं चिलखत, घाम बुटात. पण उरलेल्या तिन्ही खुणा मिळाल्या.

शेवटच्या खुणेच्या आधी फुफाटा होता. आपल्याकडे काळ्या रानातली वाट उन्हाळ्यात ट्रॅक्टरांनी दळून दळून टाल्कम पावडरसारखी होते, त्याला फुफाटा म्हणतात. सहारात असल्याच मातीला फेश-फेश म्हणतात आणि मोठमोठे स्वार तिला टरकून असतात, कारण वरून ती सपाट दिसते आणि खाली काय आहे ते कळत नाही. मिस्त्रींनी इथे तीन उद्गारचिन्हं घातली होती आणि शेरा मराठीत: 'आत खड्डा हाय.' मी हळू घेतलं. हळू घेणं हीच चूक. चाक खाली गेलं, गाडी पुढच्या बाजूनं बसली आणि मी हँडलवरून फुफाट्यात तोंडावर. लागलं काही नाही, मऊच होतं. पण धूळ इतकी वर गेली की पाच मिनिटं स्वतःचा हात दिसेना. नाकातोंडात काळं पीठ. पाणी ओतून डोळे धुतले तर चेहऱ्यावर चिखल झाला. असल्या ठिकाणी मूठ सोडायची नसते हे मी कुडचीलाच शिकलो होतो, फक्त वाळूच्या नावावर शिकलो होतो.

डोणीचं पात्र संध्याकाळी ओलांडलं. ही नदी जतकडून येते आणि विजापूर जिल्ह्यातून कृष्णेला मिळते. पाणी खारट, पण दोन्ही काठांची काळी जमीन अशी की डोणी पिकली तर गल्ली धान्यानं भरते अशा अर्थाची म्हण तिकडे आहे. पात्रातल्या दगडांवर मिठाची पांढरी साय धरली होती. बोट लावून चाटून बघितलं. खारटच.

विजापुरात शिरताना गोल घुमट लांबूनच दिसतो. त्याच्यासाठी कॅप लागत नाही. लॉजवर मिस्त्री बाहेरच खुर्ची टाकून बसले होते. मी काही न बोलता कंपास हातात दिला आणि मोटरीकडे बोट केलं. त्यांनी कंपास मोटरीजवळ नेला, लांब नेला, परत जवळ नेला. "मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं," म्हणाले.

"मग सांगायचं की!"

"तिथं कोण सांगणार हाय तुला?"

मी अंघोळीला गेलो. पाणी तीन बादल्या काळं निघालं.

चौथा दिवस: विजापूर, कोल्हार, बेळगाव

सतराच्या वर जाणं आता शक्य नव्हतं, त्यामुळे चौथा दिवस हलका गेला. भाच्यानं सकाळी विचारलं, "मामा, आता कशाला? हत्तीत घाला गाडी, जाऊ घरी." मिस्त्रींनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर मासिकातनं कापलेली दोन चित्रं आहेत. एक सी. एस. संतोषचं. २०१५ साली डाकार धावणारा तो पहिला भारतीय, आणि पहिल्याच खेपेला छत्तिसावा येऊन त्यानं ती पुरी केली. २०२१ मध्ये सौदीत तो असा पडला की डॉक्टरांना त्याला औषधांनी बेशुद्ध ठेवावं लागलं. दुसरं केरळच्या शोरनूरचा हरित नोआ. त्यानं २०२४ मध्ये डाकारचा रॅली-२ हा मोटारसायकलींचा दुसऱ्या फळीचा गट जिंकला, एकंदरीत अकरावा. मिस्त्री त्यातल्या जिंकण्याबद्दल फारसं बोलत नाहीत. संतोषनं छत्तिसाव्या क्रमांकानं पुरी केली, हे मात्र कुणीही गॅरेजात आलं की सांगतात.

कोल्हारला अलमट्टीचं पाणी मागे हटलं होतं आणि काठावर मैलभर भेगाळलेला गाळ. पहिल्या दिवशी हिडकलला पाऊण तास खाल्लेला प्रकार इथे वीस मिनिटांत झाला. नजर लांब ठेवली एवढंच. पुलाजवळ मडक्यातलं दही मिळतं, कोल्हारचं दही त्या भागात नावाजलेलं आहे. ते इतकं घट्ट की मडकं उलटं धरलं तरी पडत नाही असं विकणारीनं दाखवलं आणि थोडं पडलं. दोन मडकी खाल्ली. शर्यतीत ही सोय नाही.

बिळगी, लोकापूर. हा मुधोळच्या कुत्र्यांचा मुलूख. एका वस्तीवरून जाताना उंच, सडपातळ, पट्टीसारखं एक कुत्रं मागे लागलं. पन्नासच्या वेगाला ते माझ्या गुडघ्याशी होतं, आणि भुंकायची तसदीही घेत नव्हतं. त्याला कंटाळा आला तेव्हा ते थांबलं. रोडबुकात हा धोका नोंदलेला नव्हता, हे मी मिस्त्रींना तक्रार म्हणून सांगितलं आहे.

यरगट्टीच्या पुढे ऊन कलायला लागलं. बेळगाव सुमारे साडेसातशे मीटरवर आहे आणि पूर्वेकडून येताना ते अंगाला कळतं. नेसरगीच्या सुमारास वाऱ्याची पहिली थंड झुळूक हेल्मेटमध्ये शिरली. माती परत तांबूस व्हायला लागली. शेवटची खूण गॅरेजच्या दारातला लिंब होता. त्याच्या बुंध्यावर पिवळा पट्टा. चारी दिवसांचं अंतर ६१२ किलोमीटर, त्यातलं जवळजवळ पन्नास वाट चुकून केलेलं.

मिस्त्रींनी वहीत मांडलं. पाच, चार, तीन, पाच. सतरा. वही मिटली आणि काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. घरी गेलो तर हिनं जाकीट हातात धरून दाराबाहेरच झटकलं, आणि त्यातून डोणीकाठची काळी माती आमच्या तांबड्या अंगणात पडली.

सोमवारी पाळी सुरू व्हायच्या अर्धा तास आधी उद्यमबागेत पोचलो. भंगारात पितळेचा तुकडा शोधला, लेथवर चढवला आणि हातानं रूळ फिरवायची मूठ काढली. हातमोज्यातही बोट घसरू नये म्हणून कडेला खरवडी पाडली. संध्याकाळी गॅरेजात नेली. डब्यातून मोटर काढून टाकली होती. मिस्त्रींनी मूठ कंपासाला चिकटवून धरली. काटा हलला नाही. दुसऱ्या बाजूनं धरली. नाही हलला.

त्यांनी मूठ डब्यावर बसवली, दोनदा फिरवून बघितली. मग कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "पावसाच्या आधी चार दिवस सुटी मिळंल का तुला?"